बिरजाने अडवलेलं पाणी

ज्या हाताने तो डाट उपटला, तो हात याच गावचा होता. बाहेरून कुणी आलं नव्हतं. हात कुणाचा, हे तेव्हा कुणी सांगितलं नाही आणि आता सांगायला कुणी उरलं नाही. पण हात आपलाच होता. हे आधी मान्य करा, मग पुढची गोष्ट ऐका.

गोष्ट फार वर्षांपूर्वीची आहे. इतकी जुनी, की तुमच्या पणजोबांनीही ती नुसती ऐकलेली होती. परसमुरीचा तलाव तेव्हाही एवढाच मोठा होता. पाळीच्या, म्हणजे तलावाच्या बांधाच्या, एका टोकाला धान पिकवणारं गाव, दुसऱ्या टोकाला मासे धरणाऱ्या ढिवरांची वस्ती, म्हणजे टोला. पाळीच्या पोटात दगडी मोरी होती. तिला तुडुम म्हणतात. तुडुमाच्या पाण्याखालच्या तोंडात सागाचा डाट, म्हणजे मोठं बूच, ठोकलेला असे आणि तो काढला की पाणी शेतात जाई. डाट काढायचा आणि लावायचा मान बिरजा ढिवरणीचा. नवरा वारल्यावर ते काम तिच्याकडे आलं होतं. मासोळीला दम लागेल, पण बिरजाला लागणार नाही, असं म्हणतात.

दिवाळी झाली की तलावावर हंस उतरत. उत्तरेला जिथे झाडसुद्धा उगवत नाही, अशा मुलखातून ते येत. वाटेत एवढे उंच डोंगर, की ढगही अलीकडेच थांबतात. हंस मात्र ओलांडतात. राखाडी अंग, पांढरं डोकं आणि डोक्यावर काजळाची दोन बोटं ओढावीत तसे दोन पट्टे. शिमग्याच्या सुमाराला ते परत जात. त्यावरून गावाचा एक नेम होता. हंस उतरले की तुडुम बंद, हंस गेले की तुडुम उघडं. नेम कुणी घातला ते ठाऊक नव्हतं, पण त्याच्यामुळे उन्हाळ्यापर्यंत तलावात पाणी राही आणि गावातल्या विहिरींना पाझर राही.

मग एका वर्षी पोळ्यालाच पावसाने पाठ फिरवली. तलाव जेमतेम अर्धा भरला. हंस मात्र ठरल्या वेळी आले. माघात शेतातलं लाखोळीचं पीक करपू लागलं, तेव्हा गावाचे पाटील डोमाजी चार माणसं घेऊन बिरजाकडे गेले आणि तुडुम उघड म्हणाले. हंस अजून आहेत, असं तिने सांगितलं. तेव्हा पाटलांनी विचारलं, हंस मोठे की माणसं?

बिरजा जाळं विणत होती. मान वर न करता ती म्हणाली, "पानी सरलं त हंस उडून जातीन, पाटील. तुमी कुठं जासान?"

अडलं की माणसं पळवाट शोधतात. कुणीतरी म्हणालं, नेम मोडायचा नाही, ठीक आहे. पण हंसच गेले तर? मग तुडुम उघडणं नेमातच बसतं.

उजाडताच सारं गाव पाळीवर गेलं. डफ वाजले, थाळ्या वाजल्या, पोरांनी गोफणी फिरवल्या. हंस उठले, तलावावर घिरट्या घालत राहिले आणि पुन्हा उतरले. दुसऱ्या दिवशीही तसंच झालं. तिसऱ्या दिवशी ते उठले ते उत्तरेकडे दिसेनासे झाले. डोंगरावर अजून बर्फाची वादळं होती, पंखांत अजून बळ भरलं नव्हतं. त्याचा विचार कुणी केला नाही. लोक ओरडत बिरजाच्या दारात गेले, हंस गेले म्हणाले.

"गेले नाई," ती म्हणाली. "घालवले."

आणि तिने डाट काढायला नकार दिला.

चौथ्या दिवशी सकाळी पाणी सुटलेलं होतं. ज्याने डाट उपटला, त्याला वाटलं असेल, घटकाभर सोडू आणि परत ठोकू. पण बिरजा आधी डाटाला दोर बांधी, मग तो हळूहळू सैल करी. हे त्याला ठाऊक नव्हतं. डाट धारेबरोबर आत गेला आणि मोरीत फुटला. पाणी शेतं भरून पुढे गेलं, बांध फोडून नाल्याला लागलं. गाव म्हणालं, मासे सोपे पडावेत म्हणून ढिवरांनीच केलं. ढिवर म्हणाले, लाखोळीसाठी गावाने केलं. डोमाजी पाटलांनी तिथेच निकाल दिला, तलाव रिता झाला तर ढिवरांनी टोला उठवायचा. तिकडे भांडण चाललं होतं आणि इकडे पाण्याखालचे दगड एकेक करून उघडे पडत होते.

बिरजाने कोण, कशाला, काही विचारलं नाही. जाळ्याचा बोळा घेऊन ती पाण्यात उतरली. धारेने बोळा गिळला. ती वर आली, धानाच्या तणशीचा भारा घेऊन पुन्हा गेली. तोही गेला. तिसऱ्यांदा तिने काठावरचा एक लांब देवनळ मोडला आणि फुंकून पोकळ असल्याची खात्री केली.

"माती आना," ती म्हणाली. "तोवर मी हाय."

तळाशी जाऊन तिने तुडुमाच्या तोंडाला पाठ लावली. मोरीतली धार थांबली. पाण्यावर फक्त देवनळाचं टोक दिसत होतं, बोटभर.

मग गाव धावलं. पाळीमागची चिकणमाती खणून टोपल्या भरल्या गेल्या. डोंगे तिच्याभोवती फिरून माती सोडू लागले. गावातलं कोण, टोल्यातलं कोण, हे बघायला वेळ नव्हता. पाटलांच्या डोक्यावर टोपली होती. खाली बिरजा हलली असती तर सगळी माती वाहून गेली असती, म्हणून ती हलली नाही. लोक माती टाकत आणि देवनळाकडे बघत. त्यातून श्वासाची बारीक शीळ येत होती.

दुपारी वारा सुटला. लाटा उठल्या. देवनळाचं टोक बुडालं, वर आलं, पुन्हा बुडालं. शीळ अडखळू लागली. डोंगा जवळ नेला तर त्याचीच लाट टोकावरून जाई. हातात टोपल्या धरून माणसं नुसती उभी राहिली.

तेव्हा उत्तरेकडून आवाज आला. हाकललेले हंस परत येत होते. पाळीवर एवढी माणसं होती, तरी ते भ्यायले नाहीत. ते देवनळाभोवती उतरले, अंगाला अंग लावून त्यांनी कडं केलं आणि लाटा आपल्या छातीवर घेतल्या. कड्याच्या आतलं पाणी थाळीतल्या पाण्यासारखं स्थिर राहिलं, असं म्हणतात.

दिवस मावळायच्या आत माती वरपर्यंत आली. पाणी अडलं. लोकांनी देवनळ उपसला, तो आतून खालच्या टोकापर्यंत कोरडा होता, थेंबभर पाणी शिरलं नव्हतं. बिरजा मात्र सापडली नाही. कुणी म्हणतं, ती हंसांबरोबर गेली. ढिवर म्हणतात, ती कुठेही गेलेली नाही, अजून पाठ लावून बसली आहे, म्हणून ही पाळ कधी पाझरत नाही.

डोमाजी पाटलांनी पाळीवर उभं राहून एकदाच विचारलं, डाट कुणी काढला. कुणी बोललं नाही. तेव्हा त्यांनी स्वतः मूठभर माती घेतली आणि तुडुमावर ठेवली. मग प्रत्येक घराने ठेवली. ढिवरांचा टोला उठला नाही. पुढे नवा डाट बसला, त्याचा मान आजही त्याच टोल्याकडे आहे.

अजूनही हंस उतरले की परसमुरीतलं प्रत्येक घर तुडुमावर मूठभर माती ठेवतं. कुणी निर्दोष असल्याचं सांगत नाही. आणि हंस असेपर्यंत पाळीवर वाद्य वाजत नाही. लग्नाची वरातसुद्धा तिथून मुकाट्याने जाते.

गेल्या माघात परगावची वरात आली होती. ढिवरटोल्यातली म्हातारी इठाबाई वाटेत उभी राहिली आणि तिने बॅन्ड थांबवला. बॅन्डवाला चिडून म्हणाला, पाखरांसाठी माणसांनी गप्प बसायचं काय?

इठाबाई म्हणाली, "हाकलल्यावरबी वापस आले होते ते. तुमी आले असते का जी?"