पाच वर्षांनंतरची बॅटरी

झुंजार की तडाखा? या एका प्रश्नानं विशाखाची सलग तीन रात्री झोप उडवली होती. नवरा म्हणाला, "अगं, ड्रिल मशीनच निवडायचंय ना? जावई नाही!" तिला वाटलं, जावई परवडला. त्याला निदान चार्जर तरी लागत नाही!

दुखणं तिनं आपणहून ओढवून घेतलं होतं. फलटणच्या जिवाजीराव पांचाळांच्या कारखान्यात जत्रांचे लाकडी मंच तयार होत. ते उभे करायचे गावाबाहेरच्या माळावर, आणि तिथं वीज कुठली? म्हणून मालकांनी बॅटरीवरची मशीनं घ्यायचं ठरवलं. झुंजार आणि तडाखा, दोन्ही कंपन्यांचे एजंट नमुने घेऊन हजर झाले. जिवाजीरावांनी दोन हातांत दोन ड्रिल पेलली आणि फर्मावलं, "जे हलकं, ते घ्या!"

स्टोअर सांभाळणाऱ्या विशाखानं तेव्हा गप्प बसायचं की नाही? पण छे!

"मालक, मशीन नका निवडू, बॅटरी निवडा! एका कंपनीची बॅटरी दुसरीच्या मशीनला बसत नाही. आज ड्रिल घेतलं, की उद्या कटर तिचाच, परवा रंधाही तिचाच!"

कुणी शिकवलेलं जिवाजीरावांना खपत नसे. त्यांच्या भुवया टोपीला जाऊन टेकल्या. "अस्सं? मग यातली कुठली पाच वर्षांनी कामाला येईल?"

"ते आज कसं सांगणार, मालक?"

"सांगू नकोस, दाखव! पाच वर्षांनंतरची बॅटरी मला खंडेनवमीच्या पूजेआधी या टेबलावर पाहिजे. नाही जमलं, तर दसऱ्यापासून पोरीला स्टोअरमध्ये आणायचं बंद!"

पोरगी म्हणजे शमी, वय साडेचार. बालवाडी बाराला सुटे आणि घरी सांभाळायला कुणी नव्हतं. म्हणून ती दुपारभर स्टोअरमध्ये बसून नटांची आणि बोल्टांची लग्नं लावी. पोरीला बंदी म्हणजे आईची नोकरीच बंद!

विशाखानं दोन्ही कंपन्यांच्या माहितीपुस्तिका वाचून काढल्या. मजकूर तोच, फक्त फोटोतला हसणारा माणूस वेगळा. तिनं ओळखीपाळखीच्यांना फोन केले. ज्यानं जी घेतली होती, त्याला तीच थोर! आपण हुशार आहोत की नुसत्याच बोलक्या, अशी शंका तिला येऊ लागली. खरं तर ती शंका जुनीच होती.

पूजेच्या आदल्या दिवशी कारखाना गजबजला. इथं शिकून बाहेर पडलेले सगळे मिस्त्री खंडेनवमीला आपापली हत्यारं पूजेला इथंच आणत. जिवाजीरावांच्या वडिलांनी घालून दिलेली रीत होती ती. आणखी एक रीत त्यांचीच: हत्यार पहिल्यांदा पूजेला बसलं, की त्याच्या पोटावर लाल ऑइलपेंटनं साल घालायचं. करवत असो, पटाशी असो, नाहीतर बॅटरी!

विशाखा फडक्यानं एकेक हत्यार पुसत होती. एकनाथ मिस्त्रींची बॅटरी तिनं उलटी केली, साल वाचलं आणि तिचा हात थांबला.

"काका, ही अजून चालते?"

"न चालायला काय झालं? मीच तेवढा थकलोय!"

विशाखा खुदकन हसली. तीन दिवसांत पहिल्यांदाच!

खंडेनवमीच्या सकाळी टेबलाभोवती गर्दी जमली. बालवाडीला सुट्टी, म्हणून शमीही आईच्या मागं उभी. जिवाजीराव खुर्चीत, दोन्ही एजंट नव्या कोऱ्या मशीनांसह समोर. विशाखानं पदराआडून दोन मळकट बॅटऱ्या काढून टेबलावर ठेवल्या.

"घ्या मालक, पाच वर्षांनंतरच्या बॅटऱ्या!"

"चेष्टा करतेस? या तर जुन्या आहेत!"

"पोटावरचं साल बघा. बरोबर पाच वर्षांपूर्वीचं, तुमच्याच हातचं. यांना विचारा की, यांच्यासाठी पाच वर्षांनंतरचा दिवस आजचाच आहे!"

मिस्त्री मंडळी खो खो हसली. जिवाजीरावांनी मिशीवर हात फिरवला. "बरं. मग पुढं?"

"दोन्ही रात्रभर चार्ज केल्यात, दोन्हींत जीव आहे. ही तडाखाची, एकनाथकाकांची." ती एजंटकडे वळली. "दादा, लावा बघू तुमच्या नव्या मशीनला."

एजंटनं कपाळ पुसलं. "ताई, आता डिझाइन बदललंय. ती जुनी यात बसत नाही. पण नवीत दुप्पट ताकद आहे हो!"

"आणि हिचं काय करायचं?"

"कागदावर वजन म्हणून... चांगली आहे की!"

आता झुंजारच्या एजंटनं न सांगताच दुसरी जुनी बॅटरी नव्या ड्रिलमध्ये सरकवली. खट्! विशाखानं फळीवर स्क्रू टेकवला, खटका दाबला आणि घुर्रकन स्क्रू आत! दुसरा, तिसरा, दहावा!

जिवाजीराव सहजासहजी हार मानणारे नव्हते. "ही एखादी नशिबानं टिकली असेल!"

"एकनाथकाका, काढा!" एकनाथ मिस्त्रींनी पिशवी टेबलावर उपडी केली. आणखी चार मिस्त्रींच्या चार बॅटऱ्या, चारही झुंजारच्या, चारही त्याच सालच्या. खट्, खट्, खट्, खट्! चारही चालल्या.

"मालक, मला पुढचं दिसत नाही," विशाखा म्हणाली. "पण जी कंपनी पाच वर्षांपूर्वीच्या गिऱ्हाइकाला आज ओळख देते, ती तुम्हालाही देईल. दुसरीनं तर एकनाथकाकांना आत्ताच तुमच्यादेखत ओळख दाखवली नाही!"

मग जिवाजीरावांच्या पोटातून हसू उसळलं! टोपी घसरली, खुर्ची करकरली, डोळ्यांतून पाणी आलं. "लिहून घ्या, सगळी मशीनं झुंजारची! खरेदी आजपासून विशाखा बघेल. आणि स्टोअरच्या खिडकीशी पोरीसाठी छोटं टेबल-खुर्ची करा, आपल्याच सागवानाचं! काय गं शमे, आवडेल ना?" एवढं बोलून त्यांना पुन्हा हसू फुटलं, ते थांबेचना.

शमीनं त्यांच्याभोवती एक चक्कर मारली, खुर्चीमागं वाकून नीट पाहिलं आणि विचारलं, "आई, या आजोबांना बंद कुठून करायचं?"