हिरव्या कापडाखाली

“म्हणजे माझ्या हातावर विश्वास नाही तुमचा?”

डॉ. निनाद टिपणीसने हे विचारलं तेव्हा सगळी तयारी झाली होती. फक्त कॉटवरचा रोगी उठून बसला होता. तो रोगी म्हणजे त्याचे म्हातारे गुरू, आजगावकर सर. तोंडावरचं हिरवं कापड त्यांनी स्वतःच बाजूला सारलं होतं.

सरांच्या पापण्या मिटत चालल्या होत्या, घास गिळवत नव्हता. रक्तातला दोष यंत्राने वेगळा काढायचा, तर मानेच्या मोठ्या शिरेत जाड नळी घालावी लागणार होती. आणखी उशीर झाला तर श्वासही अडला असता. निनादला ते ठाऊक होतं. सरांनाही.

“विश्वास आहे रे,” सर म्हणाले. आवाज नाकातून येत होता.

“मग? तुमच्या वेळी अंदाजाने सुई घालत. मला सोनोग्राफीच्या पडद्यावर शीर दिसते, शेजारची धमनी दिसते, सुईचं टोक दिसतं. माझ्या हातून आजवर कुणाला इजा झालेली नाही.”

“माझ्या हातून झाली आहे. तुझं यंत्र माझ्या बोटांपेक्षा चांगलं.”

“तरी नको?”

सरांनी ट्रेपाशी उभ्या असलेल्या सिस्टरकडे पाहिलं.

“सिस्टर, जरा बाहेर थांबता?” ते म्हणाले. मग सावकाश कॉटवरून उतरले. “नीज इथे.”

“मी?”

“का? प्राध्यापक झाल्यापासून पाठ टेकत नाही वाटतं तुझी?”

निनाद हसत आडवा झाला. सरांनी त्याची मान डावीकडे वळवली, ओला बोळा फिरवला आणि वरून कापड ओढलं.

“हलायचं नाही. बोलायचं नाही.”

हे निनादचंच रोजचं वाक्य.

कापडाखाली सगळं हिरवं होतं. स्वतःचाच गरम श्वास तोंडावर परत येत होता. आता टोचेल, आता टोचेल, असं वाटत राहिलं. काहीच झालं नाही. मानेवरचा ओलावा वाळून गेला. बाहेर एक ट्रॉली खडखडत आली आणि तशीच लांब गेली.

आपण इथे आहोत हे कुणाच्या लक्षातच नाही, असं त्याला उगाचच वाटलं.

“सर?”

...

“सर, आहात ना?”

 त्याने कापड खसकन ओढलं.

सर त्याच्याकडे पाठ करून स्टुलावर बसले होते. डोळे सोनोग्राफीच्या पडद्यावर. पडदा केव्हाचाच काळा झाला होता.

“इथेच तर होतो,” ते म्हणाले. “सगळं स्वच्छ दिसत होतं.”

निनाद कॉटवरून उतरला. सर आपणहून कॉटवर आडवे झाले आणि त्यांनी मान वळवली.

सिस्टर आत आल्या, नवं कापड उघडलं. निनादने पुन्हा हात धुतले, हातमोजे चढवले. पडदा उजळला. शीर दिसली, गोल आणि काळीभोर. त्याने सुई उचलली...

आणि खाली ठेवली. तो कापडाच्या कडेशी वाकला.

“सर, आहात ना?”

कापड श्वासाने किंचित हललं.

“मी आहे,” आतून आवाज आला. “तू?”