गाडीचं पोट

एकदा एक पेंडीचा व्यापारी होता आणि त्याला जर्मन गाडीचा नाद लागला. नाद वाईट नव्हता. सरकीची पेंड विकता विकता त्याचे केस पिकले होते, तालुक्यातल्या निम्म्या म्हशी त्याच्या दुकानावर पोसल्या जात होत्या, आणि तरुणपणी एका मासिकाच्या मुखपृष्ठावर पाहिलेली ती लांबट, बुटकी, काळीभोर गाडी काही केल्या त्याच्या डोळ्यांपुढून हलत नव्हती. माणसाने आयुष्यात एखादी वस्तू मनापासून इच्छावी आणि ती त्याला मिळावी, यात अधर्म काही नाही. पाडव्याच्या मुहूर्तावर गाडी दारात आली.

गाडी खरोखरच देखणी होती. बसलं की आसन पाठीला धरून ठेवी. पायाचा नुसता भार दिला की ती असा काही वेग घेई की व्यापाऱ्याच्या चेहऱ्यावर हसू फुटे. पण पुढची लक्षणं पूजेच्या वेळीच दिसली होती. भटजींनी बॉनेटवर कुंकवाचं स्वस्तिक काढायला बोट पुढे केलं, तर व्यापाऱ्याने आधी तिथे प्लास्टिकचा कागद अंथरला. नारळाची करवंटी उडून रंगाला लागेल म्हणून त्याने भटजींना रस्त्याच्या पलीकडे उभं केलं. भटजींनी तिकडूनच मंत्र म्हटले आणि तिकडेच नारळ फोडला. तिथे एकाची जुनी मोटरसायकल उभी होती. पूजा आपल्याच गाडीची चालली आहे असं समजून त्या बापड्याने भक्तिभावाने हात जोडले आणि खोबऱ्याचा तुकडाही घेतला.

आता ही गाडी जिथे घडली तिथले रस्ते सपाट असावेत. आमच्याकडे गतिरोधक हे प्रतिष्ठेचं लक्षण मानतात. ज्याच्या घरासमोर गतिरोधक तो वजनदार माणूस, आणि जितका गतिरोधक उंच तितकं वजन जास्त. गावातला सर्वांत उंच गतिरोधक खुद्द या व्यापाऱ्याच्याच दारासमोर होता. खाली दुकान, वर घर आणि समोरून भरधाव ट्रक, म्हणून स्कूटरवर फिरण्याच्या दिवसांत त्यानेच नगरपालिकेत खेटे घालून तो करवून घेतला होता. इकडे गाडीचं पोट जमिनीपासून वीतभरही वर नव्हतं. पहिल्याच दिवशी, दोन मित्रांना मागे बसवून तो निघाला आणि खालून आवाज आला, खर्रर्र. त्या आवाजाने व्यापाऱ्याच्या काळजाला घरं पडली.

दुसऱ्या दिवशी त्याने तोड काढली. गतिरोधक आला की तो गाडी थांबवी आणि नम्रपणे म्हणे, "जरा उतरता का?" मंडळी उतरत, गाडी दोन बोटं वर उचलली जाई, मग तो ती तिरकी करून एकेक चाक अलगद पलीकडे नेई. मंडळी मागून चालत येत आणि पुन्हा बसत. एवढ्यावर भागत नसे. पलीकडे गेल्यावर तो स्वतः उतरे, रस्त्यावर रुमाल अंथरे आणि पालथा पडून गाडीचं पोट पाही. देवळात उभ्या उभ्या हात जोडून सटकणारा हा गृहस्थ आता गावातल्या प्रत्येक गतिरोधकापुढे साष्टांग घालू लागला. हळूहळू मित्रांना कामं निघू लागली. ज्यांना चार पावलं चालवत नसे त्यांना डॉक्टरांनी अचानक चालायला सांगितलं. उरली एकटी बायको.

अशा कथांमध्ये माणसांना नावं नसतात, पण हिचं नाव सांगून ठेवतो, कारण तिच्या नवऱ्याच्या लक्षात ते राहीनासं झालं होतं. तिचं नाव वैजयंती. स्कूटरच्या दिवसांत पुढे पेंडीचं पोतं आणि मांडीवर मूल अशी ती वर्षानुवर्षं त्याच्यामागे बसली होती. गाडी आली तेव्हा तिला मनापासून आनंद झाला. पुढे पुढे गतिरोधक दिसला की नवऱ्याने सांगायच्या आधीच तिचा हात दाराकडे जाऊ लागला.

वैशाखात तिच्या भावाकडे वास्तुशांत होती. ती ठेवणीतला शालू नेसली, आहेराची पिशवी घेतली आणि दोघं निघाली. गावाबाहेरच्या फाट्यावर मोठा गतिरोधक आहे. तिथे ती उतरली. व्यापाऱ्याने श्वास रोखला, कान खाली लावले, गाडी तिरकी केली. पुढचं चाक गेलं. मागचं चाक गेलं. आवाज नाही. इतक्या उंच गतिरोधकावर गाडी आजवर एकदाही न घासता गेली नव्हती. व्यापाऱ्याला असा काही हर्ष झाला की त्याने पायाचा भार दिला, आणि रिकामा गुळगुळीत रस्ता पाहून गाडीही अशी सुटली की तिचं जर्मन कूळ सार्थ झालं.

मेव्हण्याच्या गावाचं वळण नकळत मागे पडलं आणि पुढच्या गावाच्या वेशीवर दुसरा गतिरोधक आला. रस्त्यावरची नजर न काढता तो म्हणाला, "उतर गं." दार उघडल्याचा आवाज आला नाही. त्याने जरा चिडून पुन्हा सांगितलं. मग वळून पाहिलं. शेजारच्या आसनावर आहेराची पिशवी होती, तिच्यातून नारळाची शेंडी डोकावत होती, आणि बायको नव्हती.

तो माघारी फिरला. खोटं कशाला सांगू, परत जातानाही फाट्यावरचा गतिरोधक त्याने तिरकाच ओलांडला. वैजयंती तिथे नव्हती. ती दुधाच्या टेम्पोत कॅनच्या मधोमध शालू सावरून बसली आणि भावाच्या दारात उतरली होती. व्यापारी तिथे पोचला तेव्हा ती पंक्तीला वाढत होती. त्याच्या पानात पुरण तिने वाढलं, तूप वाढलं, पण त्याच्याकडे पाहिलं नाही. संध्याकाळी ती त्याच्याबरोबर निघाली नाही.

महिना होत आला. व्यापारी खाणावळीत जेवू लागला. फोन केला की ती शांतपणे म्हणे, "तुम्ही एकटेच बरे. वजन कमी राहतं." आता घरातलं माणूस परत येतं की नाही, असा खराखुरा प्रश्न उभा राहिला, तेव्हा तो नदीकाठच्या दोन खोल्यांत राहणाऱ्या आपल्या वृद्ध गुरुजींकडे गेला. शाळेत त्यांनी त्याला संस्कृत शिकवलं होतं, आणि निवृत्तीनंतर गावातली माणसं अडलं नडलं की त्यांच्याकडे येत. गुरुजी ऐकता ऐकता मध्येच डुलकी घेत, पण उत्तर बरोबर देत, म्हणून कोणी तक्रार करीत नसे.

व्यापाऱ्याने सगळं सांगितलं आणि शेवटी म्हणाला की एवढ्याशा गोष्टीवरून बायकोने घर सोडावं, हे काही बरं नाही. विसरलो मी, माणूस विसरतो. गुरुजी म्हणाले, माणूस विसरतो खरा. मग काठी घेऊन उठले. "चल, मी येतो. मला नाही म्हणणार नाही ती."

गुरुजी मागच्या आसनावर बसले, हात फिरवून कातडं पाहिलं, छान आहे म्हणाले आणि झोपी गेले. त्यांचं वजन इतकं बेताचं की गावातल्या लहानसहान गतिरोधकांवर गाडीने कुरकुर केली नाही. फाटा आला तेव्हा मात्र व्यापाऱ्याने गाडी थांबवली आणि संकोचून म्हणाला, "गुरुजी, जरा उतरता का?"

गुरुजींनी डोळे उघडले. "माझं वजन किती असेल रे? तू तराजूवाला माणूस आहेस."

"असेल चाळीसेक किलो."

"आणि तुझं?"

व्यापाऱ्याने पोट आत घेतलं. "शंभराच्या आत आहे."

"मग उतरायचं कोणी?" असं म्हणून गुरुजींनी पुन्हा मान टेकली.

व्यापारी उतरला. मी उतरलो तर चालवणार कोण, असं त्याने खिडकीतून विचारलं. गुरुजी डोळे मिटूनच म्हणाले, "चालवू नकोस. ढकल."

गुरूची आज्ञा. बाहेर ऊन रणरणत होतं, म्हणून गुरुजींसाठी एसी हवा, म्हणून इंजिन चालूच ठेवावं लागलं. व्यापाऱ्याने गाडी न्यूट्रलला टाकली, खिडकीतून एक हात स्टीअरिंगवर ठेवला आणि खांदा लावला. गाडी हलेना. तेवढ्यात मोटरसायकलवरून दोघं जण आले आणि थांबले.

"शेठ, बंद पडली व्हय?"

"बंद नाही पडली. चालू आहे."

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. मग त्यातला एक अगदी सरळपणे म्हणाला, "चालू हाय तर ढकलताय कशाला?"

व्यापाऱ्याने घाम पुसला आणि पुन्हा खांदा लावला. माणसं भली होती, त्यांनी पुढे काही विचारलं नाही. तिघांनी मिळून जोर केला. गाडी चढली, उतरली, आवाज झाला नाही. ते दोघं निघून गेले आणि व्यापारी घामाने निथळत रस्त्याच्या कडेला उभा राहिला.

फाट्यावर एक रसवंती आहे. तिथली बाई रसाचा पेला घेऊन आली आणि समोरच्या दगडाकडे बोट दाखवून म्हणाली, "बसा शेठ. त्या दिशी वहिनीबी हितंच बसल्या हुत्या."

दगड तापलेला होता. व्यापारी बसला आणि पटकन उठला, मग पुन्हा बसला. त्याने विचारलं, काही म्हणाली का ती?

"मी म्हटलं, थांबा की, शेठ येतील माघारी. तर म्हणल्या, गाडी घासली न्हाई न्हवं, लई खूश असतील. इतक्यात न्हाई यायचे."

व्यापाऱ्याने रसाचा पेला खाली ठेवला. या जागेवरून रस्ता दूरपर्यंत सरळ दिसत होता. गाडी लहान लहान होत जाताना तिने इथूनच पाहिली असणार. त्याला फार लाज वाटली. आणि ती घरात नाही याचं दुःखही, इतक्या दिवसांत पहिल्यांदाच, त्याला धड जाणवलं. खाणावळीच्या जेवणाबद्दलची तक्रार म्हणजे दुःख नव्हे, हे त्याला त्या दगडावर कळलं.

तो गाडीपाशी आला. म्हणाला, "गुरुजी, मी तिला विसरलो नव्हतो. माझं सगळं लक्षच खाली होतं."

गुरुजी सावरून बसले. म्हणाले, "गाडी उत्तम आहे. मला झोप छान लागली. चांगली वस्तू घेणाऱ्याला कोणी दोष देऊ नये. पण जी आपल्याला नेते ती गाडी, आणि जिला आपण ढकलतो ते ओझं. मग आतलं यंत्र चालू असो की बंद. तू पाडव्यापासून ढकलतोच आहेस. आज घाम आला म्हणून कळलं. तिचं पोट राखायचं म्हणून तू आधी मित्र उतरवलेस, मग बायको उतरवलीस. मी विचार केला, अजून कोण उरलं? तूच. म्हणून तुलाही उतरवलं. मी म्हातारा, माझी काय गणती. आता ती रिकामीच आहे. मुळीच घासणार नाही. बघ, बरं वाटतंय का."

व्यापाऱ्याने दार उघडलं. गाडीत बसला आणि निघाला.

गुरुजी आले म्हटल्यावर वैजयंती बाहेर आली आणि वाकून नमस्कार केला. मग नवऱ्याच्या भिजलेल्या सदऱ्याकडे आणि धुळीने माखलेल्या पँटकडे पाहिलं. तो म्हणाला, घरी चल. कशातून, असं तिने विचारलं. गाडीतून, असं ऐकल्यावर ती आत गेली आणि पायात चालायचे बूट चढवून बाहेर आली. "निघू या," म्हणाली. गुरुजी मागच्या आसनावर बसले आणि पुन्हा झोपी गेले.

फाटा आला. लांबूनच गतिरोधक दिसला. कोणी काही बोललं नव्हतं, तरी वैजयंतीचा हात आपोआप दाराच्या कडीवर गेला. व्यापाऱ्याने तो हात पाहिला. त्याने एक बटण दाबलं. चारी दारांना खट्कन कुलूप लागलं.

"बस, वैजयंती," तो म्हणाला. "उतरायचं नाही."

गाडी सरळ गेली. खालून आवाज आला, आणि मोठा आला. रसवंतीतली बाई बाहेर येऊन पाहू लागली.

"अहो, घासली."

"ऐकलं मी."

"उतरून बघायचं नाही?"

"पोट आहे. कोणाला दिसतंय?"

वैजयंतीने तोंड खिडकीकडे फिरवलं. तिचे खांदे हलू लागले. रडते आहे असं वाटून व्यापारी कासावीस झाला, पण ती हसत होती, आणि हसता हसता पदराने डोळेही पुसत होती. मग गावापर्यंत गाडी प्रत्येक गतिरोधकावर घासत गेली. कुठे खर्र, कुठे खट्ट, कुठे नुसताच सुस्कारा. पुढचा आवाज कसा येईल हे ती आधीच सांगू लागली आणि तिचं बहुतेक बरोबर येई.

शेवटी त्यांच्या दारासमोरचा तो सर्वांत उंच गतिरोधक आला. व्यापाऱ्याने मनाचा हिय्या करून गाडी सरळ घातली. पुढची चाकं पलीकडे गेली, मागची अलीकडे राहिली, आणि गाडी पोटावर टेकून मधोमध बसली. इंजिन गुरगुरलं, चाकं फिरली, गाडी जागची हलेना. दुकानातले हमाल बाहेर आले, समोरचा न्हावी वस्तरा हातात घेऊन आला, आणि पाडव्याला खोबरं खाल्लेला तो मोटरसायकलवालाही आला. एरवी व्यापारी शरमेने मेला असता. आता त्याने बायकोकडे पाहिलं, तर तिचं हसू अजून ओसरलं नव्हतं.

मागच्या आसनावरून गुरुजी डोळे न उघडता म्हणाले, "आता उतरलात तरी चालेल. घर आलं."

आपणही आपली गाडी जपूनच चालवतो; मधूनमधून आत कोण कोण बसलं आहे, तेवढं वळून पाहत जावं.