उजवा हात किमतीत गेला

कोळंबगडाच्या पायथ्याच्या ऐरणवाडीत अजून परवान्याच्या ठासणीच्या बंदुका हाताने घडवतात. रानडुकरांनी पीक नासवले की घाटाखालचे लोक त्या न्यायला येतात. पण तिथले लोहार बंदुकीचे पैसे डाव्या हाताने घेतात. नवख्या गिऱ्हाइकाला ते झोंबते. मग म्हातारे धाकोबा लोहार म्हणतात, "अपमानच हाय त्यो. पर तुमचा न्हाई. बसा, सांगतो."

गडावर किल्लेदार होता, तेव्हाची ही गोष्ट. वाडीत रायाबा लोहार बंदुकांच्या नळ्या घडवी आणि त्याची बायको गोजरा भाता ओढी. नवी नळी दुप्पट दारू ठासून पारखायची आणि तो पहिला बार घडवणाऱ्यानेच काढायचा, असा वाडीचा नेम. एका नळीला महिना लागे. किल्लेदाराला दसऱ्याच्या आत दहा बंदुका हव्या होत्या, त्याही निम्म्या दामात. लोखंडसुद्धा त्यानेच धाडले, स्वस्तातले आणि ठिसूळ. हे दगा देईल, असे रायाबाने हात जोडून सांगितले. लोहाराने घण मारावा, अक्कल शिकवू नये, असे उत्तर आले म्हणे.

सहा नळ्या कशाबशा तगल्या. सातवी पहिल्याच बाराला फुटली आणि रायाबाचा उजवा हात मनगटापासून गेला. गडावरून विचारपूस आली नाही. फुटक्या नळीचे लोखंड दामातून कापू, एवढा निरोप मात्र आला.

गोजराच्या तळपायाची आग मस्तकात गेली. तिने घण उचलला आणि त्याच लोखंडाची आठवी नळी स्वतः घडवली. किल्लेदार शिपाई घेऊन आला, तेव्हा तिने दुप्पट दारू ठासली आणि पेटती वात त्याच्यापुढे धरली.

"सरकार, लोखंड तुमचं, घाई तुमची. पयला बार तुमीच काढा."

किल्लेदाराने वात घेतली, नळीकडे पाहिले आणि तो दोन पावले मागे सरला. ते त्याच्या शिपायांनी पाहिले. या बंदुका उद्या त्यांच्याच गालाशी लागणार होत्या. आधी गडावर नेलेल्या सहाही बंदुका त्यांच्या खांद्यावर होत्या, त्या त्यांनी उतरवून जमिनीवर ठेवल्या, असे सांगतात.

मग किल्लेदाराचा नाइलाज झाला. त्याने चांगले लोखंड कबूल केले आणि पुऱ्या दामाची थैली पुढे केली. रायाबाने ती घ्यायला हात पुढे केला.

"डाव्या हातानं घेतोस?" किल्लेदार गुरगुरला.

"उजवा तुमीच नेलाय," गोजरा म्हणाली.

आजही कुणी कारखान्याच्या बंदुकीचा भाव सांगून घासाघीस करू लागला, की धाकोबा वाद घालत नाहीत. धडधाकट उजवा हात पाठीमागे नेतात आणि डावा पुढे करून उभे राहतात.