नवरीला आधी वाट

किती राजे आले आणि गेले, त्यांच्याही आधीची ही गोष्ट. कोकणात एका खाडीकाठी ज्यू धर्माचे बेने इस्राएल तेली राहत. शुक्रवारी दिवस मावळला की त्यांचा शब्बाथ, म्हणजे विसाव्याचा दिवस, लागे आणि घाणा थांबे, तो शनिवारी चांदण्या दिसेपर्यंत. म्हणून गाव त्यांना शनवार तेली म्हणे.

त्यांच्यातला सगळ्यांत म्हातारा तेली नव्वदीचा होता. गावात कोणी गेलं, की त्याला अंघोळ घालून पांढरं वस्त्र नेसवायला हा पहिला हजर. तो रस्त्याने निघाला की लोक उठून उभे राहत. म्हातारा रागवायचा, "अरे, बसा! माझ्यापायी कामं कशाला खोळंबवता?"

एका शुक्रवारी सकाळी नातवंडा-पतवंडांच्या डोक्यांवर हात ठेवून, पूर्वजांची शेमा प्रार्थना म्हणत तो शांतपणे गेला. असं मरण मागून मिळत नाही.

थोरल्या मुलाची छाती अभिमानाने भरून आली होती. त्याने राजाकडे निरोप धाडला, "बाबांवर धरायला मानाचं छत्र पाठवा." छत्र यायला दुपार टळली. त्याची म्हातारी आई दोनदा ओरडली, "अरे, ह्यांना आता उन्हाची कसली भीती? निघा! शब्बाथ लागला तर मूठमाती देता येणार नाही. उद्या रात्रीपर्यंत तसेच ठेवणार आहेस ह्यांना?"

शेवटी निघाले. कब्रस्तान होतं खाडीपलीकडच्या टेकडीवर आणि मधे मिठागरांचा लांबलचक बांध, जेमतेम दोन माणसं चालतील एवढा रुंद. बायका बांधाच्या तोंडापर्यंतच येत. म्हाताऱ्याची शवपेटी तिथे पोहोचली, तर समोरून बांधावरून एक वरात येत होती. पलीकडच्या गावच्या बेने इस्राएलांतली एक पोरकी मुलगी नवरी होऊन या गावात निघाली होती. तिचं लग्नही दिवस मावळायच्या आत लागायला हवं होतं.

पेटी पाहून नवरीचा मामा दचकला. "मागे फिरा रे! मोठ्या माणसाची पेटी आहे."

मुलगा खूश झाला. पण आई पुढे आली. "कोणी मागे फिरायचं नाही. नवरीला आधी वाट, ही आपली रीत आहे. पेटी बाजूला घ्या."

"आई, राजाचं छत्र आहे वर! बाबांना रस्त्याच्या कडेला ठेवू? आणि ऊन बघ किती उतरलंय!"

"दिसतंय मला. माझाच नवरा आहे ना आत?" तिने पेटीवर हात ठेवला. "नव्वद वर्षांत ह्यांनी कुणाला ताटकळत ठेवलं नाही. आता ह्यांच्यापायी एका पोरीचं लग्न चुकवायचं? ठेव खाली."

मुलाने ओठ चावले आणि पेटी खाली ठेवली. वरात हळूहळू पार झाली. सूर्य आणखी खाली गेला.

नवरी मात्र पेटीपाशी थांबली. म्हातारीने तिच्या कपाळावरून हात फिरवून तिला आशीर्वाद दिला. मुलीने सूर्याकडे पाहिलं आणि मागे वळून म्हणाली, "मामा, आपल्या रीतीने लग्नाला दहा पुरुष पुरतात. तेवढे तर नवऱ्याकडेच आहेत. तुम्ही सगळे आजोबांबरोबर जा."

मिठागरात राबणारे वीस-पंचवीस गडी ते. हातातले ढोल त्यांनी तिथेच टाकले आणि पेटी उचलली. दहा पावलांवर खांदा बदलत ते बांधावरून जवळजवळ धावतच सुटले. छत्र धरणारा पार मागे पडला. टेकडीवर मिळेल त्या फावड्याने, नाहीतर ओंजळीने त्यांनी माती लोटली. शेवटची मूठ पडली तेव्हा सूर्याची कड समुद्रावर टेकली होती.

मुलगा घरी आला तेव्हा आईने शब्बाथचा दिवा लावला होता.

"पोहोचले का रे वेळेत?"

"पोहोचले, आई."

"खांद्यांना माणसं पुरली?"

"इतकी होती, की माझीच पाळी लवकर येईना."

म्हातारीचे डोळे वाहत होते, पण मान ताठ होती. "असा माणूस माझा नवरा होता," ती म्हणाली.

तात्पर्य: शेवटच्या वाटेवरही जो दुसऱ्याला पुढे जाऊ देतो, त्याचंच आयुष्य भरून पावलं.