डोंगर झाडणारी माणसं

“पण बाबा, या सहा जणांनी केलं काय?”

जयसिंग भोइटेनं हे तिसऱ्यांदा विचारलं. पहिल्यांदा नम्रपणे, दुसऱ्यांदा घसा खाकरून, आणि आता तर हातातली यादीच त्यानं बाबांच्या पुढ्यात ठेवली.

सोमगिरी बाबा भुईमुगाच्या शेंगा फोडत बसले होते. यादीकडे त्यांनी पाहिलंही नाही.

डोंगराच्या पायथ्याला त्यांचा मठ. मठ कसला, दोन खोल्या आणि पुढं अंगण. खालच्या तीन गावांतली माणसं हौसेनं तो डोंगर राखायची. पगार नाही, भत्ता नाही. वर्षातून एकदा, पाडव्याला, बाबा या सेवेकऱ्यांचा सत्कार करायचे आणि पहिल्या मानकऱ्याला आपल्या हातानं नारळ द्यायचे.

त्या नारळावर जयसिंगचा डोळा होता. उगाच आडपडदा कशाला ठेवायचा?

आणि त्याचा हक्कही होताच म्हणा. गेल्या वर्षी समोरच्या डोंगराला वणवा लागला, तेव्हा हिरवी फांदी घेऊन हा पठ्ठ्या सगळ्यांच्या आधी आगीत शिरला होता. कोपरापासून मनगटापर्यंत हात भाजला. पेपरात फोटो आला. तेव्हापासून ऐन थंडीतसुद्धा त्याच्या सदऱ्याच्या बाह्या वर दुमडलेल्याच असत.

बाबांनी त्यालाच यादी करायला सांगितली होती. नाइलाज म्हणून त्यानं स्वतःचं नाव पहिलं घातलं. बाबांनी त्याच्याही वर, जागा नव्हती तरी बारीक अक्षरात लिहिलं, ‘ताराबाई लोहार आणि पाच जण’.

हे सहा जण म्हणजे गावाच्या चेष्टेचा विषय. कार्तिक संपला की दर रविवारी खराटे आणि विळे घेऊन वर जायचे. डोंगराच्या कंबरेभोवती, दोन बैलगाड्या शेजारी शेजारी जातील एवढा पट्टा गवत कापून झाडून काढायचे. पाचोळा पडला की पुन्हा झाडायचे. वनखातं त्याला जाळरेषा म्हणतं. जयसिंग त्यांना ‘डोंगर झाडणारी माणसं’ म्हणायचा. लोक खो खो हसत. ताराबाईही हसायच्या.

“आग मी विझवली बाबा. ह्यांच्याकडं आग आलीच नाही. न आलेल्या वणव्याचा सत्कार करायचा का?”

बाबांनी एक शेंग फोडली. दाणे त्याच्या हातावर ठेवले.

“खा… आणि आमंत्रण तूच देऊन ये. आज सगळे डोंगराच्या मागच्या अंगाला आहेत. पट्ट्यापट्ट्यानं जा, चुकायचा नाहीस.”

जयसिंग निघाला. ऊन मी म्हणत होतं. चालता चालता तो मनातल्या मनात भाषण जुळवत होता. आपणच आपलं नाव काढून टाकावं, म्हणजे बाबांना लागेल. सेवेकऱ्यांच्या मंडळाचाही राजीनामा द्यावा, म्हणजे आणखी लागेल. एवढं सगळं जुळवेपर्यंत तो डोंगराला वळसा घालून मागच्या अंगाला आला.

आणि थांबला.

पट्ट्याच्या खालचा सगळा उतार काळा पडला होता. पळसांचे कोळसे झालेले, दगड धुरानं माखलेले. ते काळं वर चढत चढत पट्ट्यापर्यंत आलं होतं, आणि तिथंच संपलं होतं. पट्ट्यावर नुसती झाडलेली माती. पट्ट्याच्या वर कमरेएवढं गवत, पिवळंधमक, वाऱ्यावर डुलतंय.

त्या गवतात जयसिंगची स्वतःची झाडं होती. करंज, आवळा, हिरडा, अशी तीनशे रोपं. मागल्या पावसाळ्याच्या आधीच्या पावसाळ्यात त्यानं स्वतः खड्डे घेऊन लावलेली. पहिला उन्हाळा खांद्यावरून हंडे वाहून जगवलेली. तेव्हा त्याला कुणी ओळखतही नव्हतं. फोटो आला, सत्कार सुरू झाले, आणि दिवाळीपासून इकडं यायला त्याला सवड मिळाली नव्हती.

तो धावत वर गेला. करंजांना कोवळी पोपटी पालवी फुटली होती. या झाडापाशी जा, त्या झाडापाशी जा, पानांवरून हात फिरव, असं त्याचं वेड्यासारखं चाललं. आनंद एवढा झाला की त्याला रडू आलं.

पलीकडं एका जुन्या हिरड्याच्या सावलीत सहा जण शिदोरी सोडून बसले होते. ताराबाईंनी त्याला हाक मारली, बस म्हणाल्या, आणि विचारपूस करायच्या आधी अर्धी भाकरी हातात दिली.

“ताराक्का, हे कधी झालं?”

शिवरात्रीच्या दुसऱ्या दिवशी, रविवारी दुपारी. खाली कुणीतरी बांध पेटवला आणि वणवा वर आला. जयसिंगला आठवलं, त्या दुपारी तो तालुक्याला होता. वणव्यावर भाषण करत होता.

“आणि तुम्ही काय केलंत?”

“बसलो.”

“बसलात?”

“मग? काम तर पौषातच झालं हुतं.”

ताराबाईंनी सांगितलं ते असं. आग केवढा तरी आवाज करत वर आली. धग सोसेना म्हणून हे सगळे जरा मागं सरकले. पट्ट्यापाशी येऊन आगीनं इकडं तिकडं खायला शोधलं. मातीशिवाय काही नव्हतं. मग ती तिथंच बसली. दोन ठिणग्या अलीकडं उडाल्या, त्या सहांतल्याच पोतदार गुरुजींनी खराट्यानं मारल्या. तोवर जेवायची वेळ झाली होती.

जयसिंगच्या हातातला घास हातातच राहिला.

“अक्का, कुणाला का नाही सांगितलं?”

“काय सांगायचं जयसिंगा? वणवा आला आन् आमी भाकरी खाल्ली?”

सगळे असे हसले की गुरुजींना उचकी लागली. जयसिंगही हसला, डोळे पुसत पुसत. मग त्यानं एक खराटा उचलला आणि दिवस कलेपर्यंत त्यांच्याबरोबर झाडत राहिला. आमंत्रण द्यायचं मात्र साफ विसरला. दुसऱ्या दिवशी सहा घरं हिंडून द्यावं लागलं.

डोंगरावरून परत आल्यावर त्यानं बाबांच्या पायांवर डोकं ठेवलं. बाबांनी यादी पुढं केली. जयसिंगनं आपलं नाव खोडायला पेन काढलं, तर बाबांनी त्याचा हात धरला.

“राहू दे. तूही राबलायस… फक्त खाली सरक.”

पाडव्याला तिन्ही गावं अंगणात जमली. ताराबाई गुरुजींच्या पाठीमागं लपल्या होत्या, त्यांना ओढून पुढं आणावं लागलं. बाबांनी नारळ दिला. लोकांनी रीत म्हणून चार टाळ्या वाजवल्या. मागं कुजबुज सुरू झाली. हिला पहिला मान? डोंगर झाडणारीला? हिनं केलं काय?

जयसिंगनं ते ऐकलं. शब्द त्याचेच होते, तोंडं तेवढी दुसऱ्यांची.

“तू सांग त्यांना,” बाबा म्हणाले.

वर्षभर गावोगाव भाषणं ठोकणारा गडी माइकपुढं उभा राहिला, आणि त्याला काही सुचेना. काय सांगणार? दाखवायला फोटो नव्हता. धूर नव्हता. कुणाचा हात भाजला नव्हता. मागच्या अंगाचा काळा उतार इथून दिसतही नव्हता. त्यानं तोंड उघडलं, मिटलं. पुन्हा उघडलं. समोर ताराबाई अवघडून नारळ या हातातून त्या हातात घेत होत्या.

जीव तोडून सांगावं असं सगळं होतं, आणि सांगायला काहीच नव्हतं.

त्यानं बाबांकडं पाहिलं.

बाबा उठले. माइकबिइक त्यांना लागत नसे.

“माना वळवा रे जरा… वर बघा.”

सगळ्यांनी माना वळवल्या. वर पिवळं गवत उन्हात चमकत होतं. पांगारा फुलला होता. पुढच्या अंगाच्या जुन्या करंजांची पालवी वाऱ्यावर हलत होती. एक घार संथ फिरत होती.

“काय दिसतंय?”

लोक बघत राहिले…

“काय न्हाई बाबा,” शेवटी मागून एक म्हातारा म्हणाला. “डोंगर हाय की आपला.”

बाबांचा चेहरा लहान पोरासारखा खुलला.

“मग बसलाय काय… वाजवा टाळ्या.”