सदोबा वरच्या खोल्या सोडवतो

भोळी माणसं प्रत्येक गावात असतात. एका गावात मात्र एक भोळा असा होता, की तो घरमालकही होता. नाव सदोबा. खाली तो आणि त्याची बायको कावेरी, वरच्या दोन खोल्यांत डेअरीतला भोईटे. करार अकरा महिन्यांचा, चांगला स्टँपपेपरवर केलेला.

मुदत संपत आली आणि लेकीचा, शकूचा, निरोप आला. पहिलं बाळंतपण, माहेरी येते. खाली एकच खोली, तिच्यातच चूल. कावेरी म्हणाली, "अहो, वरच्या खोल्या मोकळ्या करून घ्या. पोरीला काय या धुरात निजवू?"

सदोबा वर गेला. चहा प्याला. "मुदत संपतेय भोईटे, खोल्या सोडा," म्हणाला. भोईटे म्हणाला, "बघू." महिना गेला. सदोबानं पुन्हा विचारलं, तर भोईटे म्हणतो कसा, "मला कुठं सांगितलंत तुम्ही?"

सदोबा तालुक्याला गेला. नाईकनवरे वकिलांनी कपाळाला हात लावला. "अरे, भाडेकरूला तोंडी सांगायचंच नसतं! लेखी द्यायचं, दोन साक्षीदारांच्या सह्या घ्यायच्या."

"बरं साहेब. लक्षात ठेवीन."

घरी येतो तो काय, वरच्या खिडकीचा पडदा पेटलेला! भोईटे डेअरीत, त्याची बायको बाजारात. सदोबा ओट्यावर बसला आणि वळणदार अक्षरात लिहिलं, "कळविण्यात येते की, आपल्या खिडकीस आग लागली आहे." एक साक्षीदार न्हाव्याकडे सापडला. दुसऱ्याला शेतातून आणला. मग डेअरीत जाऊन भोईट्यापुढे कागद धरला. "वाचा, आणि मिळाल्याची सही करा."

तोवर कावेरीनं शेजाऱ्यांना गोळा करून आग विझवली होती. पण भोईट्याची गादी गेली ती गेलीच.

वकील ओरडले, "अरे देवा! धूर दिसला की दार ढकलून आत घुसायचं आणि बादलीभर पाणी ओतायचं!"

"बरं साहेब. लक्षात ठेवीन."

आठ दिवसांनी भोईट्याकडे सत्यनारायण. उदबत्त्या लागल्या, धूप पेटला, खिडकीतून धूर बाहेर. सदोबा दार ढकलून घुसला. अख्खी बादली! भटजी नखशिखांत ओले, कलश आडवा, पोथीचा लगदा. भोईट्यानं सरळ कोर्टात अर्ज दिला, घरमालक छळतो म्हणून.

या खेपेला वकिलांनी सदोबाचा कानच धरला. "ऐक नीट. त्याच्या दारात पाऊल टाकू नकोस. आणि मुदत संपलीय, आता तो भाडं पुढे करील, ते घ्यायचं नाही. भाडंच काय, त्याच्या हातून काही म्हणजे काही घ्यायचं नाही! घेतलंस की कोर्ट म्हणेल, राहू दे त्याला. मग बस बोंबलत."

हे मात्र सदोबाला मनापासून पटलं. शकूच्या बाळंतपणाचा सवाल होता.

भोईट्यानं पूजा पुन्हा घातली. बायको बिचारी झालं गेलं विसरून प्रसाद घेऊन खाली आली. सदोबानं दोन्ही हात पाठीमागे घेतले. "नाही घेणार." बाई रडायलाच लागली. "देवाचा प्रसाद नाकारतात, बाई! या घरात मी एक दिवस राहायची नाही!"

दुसऱ्या दिवशी सकाळी दारात टेम्पो. भांडी, कपाट, नवी गादी, सगळं चढलं. कावेरी एसटी स्टँडवर शकूला आणायला गेली होती. भोईटे सदोबासमोर आला आणि त्यानं हात पुढे केला.

सदोबा पळाला. भोईटे मागे. मारुतीच्या देवळाला तीन फेऱ्या झाल्या. "अहो, घ्या की!" "मेलो तरी नाही घेणार!" शेवटी भोईट्याला धाप लागली. "घेत नाही म्हणता? मग मीही जात नाही!" असं म्हणून त्यानं टेम्पोतलं सामान उतरवायला लावलं.

कावेरी शकूला घेऊन आली, तर गादी जिना चढत होती. "अगं बाई! हे काय चाललंय?"

"तू काळजी करू नकोस," सदोबा घाम पुसत म्हणाला. "मोठं संकट टळलं. हा भोईटे सकाळपासून काहीतरी गळ्यात मारायला बघत होता. मी हात पुढे केला नाही!"

शकू पोटावर हात ठेवून ट्रंकेवर बसली. "पण बाबा, देत काय होते ते?"

"काही नाही गं," सदोबा म्हणाला. "आपल्या वरच्या खोल्यांच्या किल्ल्या."